पायी जाता येईल असं घर

डॉक्टरांनी सांगून तीन आठवडे झाले होते आणि त्या तीन आठवड्यांत माईंच्या घरात सगळ्या विषयांवर बोलणं झालं, तेवढा एक सोडून.

मास्तरांना काचबिंदू होता. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण बाजूचं, त्यातही डावीकडचं, मिटत आलं होतं. "गाडी आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. चौतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवून ज्यांनी अर्ध्या शहराच्या हातात स्टिअरिंग दिलं, ते मास्तर त्या दिवशी मागच्या सीटवर बसून टॅक्सीनं घरी आले. वाटेत त्यांनी टॅक्सीवाल्याला एकदाच सुनावलं, "क्लचवरचा पाय काढा, प्लेट जळतेय." त्यानंतर जे तोंड मिटलं ते मिटलंच.

घर शहराबाहेर, चढावरच्या रस्त्याला. घेतलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, "दाराशी गाडी आहे, मग लांब काय आणि जवळ काय!" आणि ते खरंच होतं. किराणा, दवाखाना, वाचनालय, शिंपी, माई सगळीकडे शेजारच्या सीटवर बसून गेल्या आणि आल्या. आता त्याच घराचं एकदम बेट झालं. रस्त्याला फुटपाथ नाही. मागच्या मंगळवारी माई पाव आणायला म्हणून पायी निघाल्या, तर पहिल्याच वळणावर एक ट्रक इतका खेटून गेला की हातातली पिशवी फडफडली. कठडा धरून धरून त्या परत आल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, दुकान बंद होतं.

हे असं किती दिवस चालणार? म्हणून या रविवारी मुलांना बोलावलं होतं.

"आई, यात बोलण्यासारखं काय आहे?" चहाचा कप हातात पडायच्या आत धाकटा म्हणाला. तो लिफ्टचा इंजिनियर. बोलणंही तसंच, बटण दाबलं की मजल्यावर. "तुम्ही दोघं आमच्याकडे या. चौदावा मजला, हवा आहे, उजेड आहे, खाली बाग आहे. कुठं जायचं झालं तर मी आहे, ही आहे. गाडीत बसवलं की झालं."

"बसवलं की झालं!" थोरली उसळली. "बाबा म्हणजे काय सामान आहे?"

"ताई, शब्द पकडू नकोस."

"मग तू नीट टाक ना शब्द."

थोरली भूमापन खात्यात होती. मोजल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. गेले तीन रविवार ती एकटीच शहरात पायी भटकली होती आणि आता तिनं फाइल उघडली. "जुन्या बाजाराच्या आसपास मी घरं बघितली. त्यातलं हे पहिलं अगदी हवं तसं आहे. खाली उतरलं की किराणा नव्वद पावलं. औषधाचं दुकान समोर. दवाखाना चारशे दहा, वाचनालय सहाशे. बस कोपऱ्यावर. गाडी लागतच नाही. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

"आणि अपरात्री काही झालं तर?"

"तर दवाखाना चारशे दहा पावलांवर आहे. तुझ्याकडून किती लांब आहे?"

धाकट्यानं कप खाली ठेवला. त्यानं बायकोकडे पाहिलं. माईंनीही पाहिलं. सूनबाई शाळेत शिकवायची, बोलायची मोजकंच, पण वेळ आली की नवऱ्याच्या बाजूनं ठाम उभी राहायची. मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल बंद करायच्या वेळी राहिली होती. आज मात्र ती कपातला चमचा उगाच ढवळत बसली. साखर कधीच विरघळली होती.

"माझ्याबद्दल चाललंय का?" कोपऱ्यातून मास्तरांचा आवाज आला. तीन आठवड्यांतलं हे त्यांचं सगळ्यात लांब वाक्य. "मी इथंच बसलोय म्हणून विचारलं. अकरा हजार लोकांना मी चालणाऱ्यांपासून सांभाळून राहायला शिकवलं. आता त्याच पलटणीत भरती व्हायचं होय?"

"चालणाऱ्यांना सांभाळायला शिकवलंत, बाबा," थोरली म्हणाली.

"तेच ते."

हसावं की नाही ते कुणाला कळेना. मग माईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "मी आधी बघणार. फाइल नाही, घर बघणार. आणि पायी हिंडून बघणार."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. माईंनी आजवर कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं असं नाही, पण निघायचं कधी ते नेहमी मास्तर ठरवायचे. मास्तरांनी मान पूर्ण डावीकडे वळवली, तेव्हा कुठं त्यांना बायको दिसली. "आत्ता?"

"आत्ताच. चपला घाला."

*

धाकट्यानं गाडी बाजाराच्या अलीकडे एका मैदानाशी लावली. तिथून पुढं सगळे पायी. थोरली पुढं, तोंडानं पावलं मोजत. मागं धाकटा आणि सूनबाई. मध्ये मास्तर आणि माई.

बाजाराचा रस्ता माईंना पाहताक्षणी आवडला. भाजीच्या टोपल्या, चष्म्याचं दुकान, दारात खुर्ची टाकून पेपर वाचणारा न्हावी. गाडीतून हे सगळं एका रंगाच्या पट्ट्यासारखं मागं सरकायचं. आता एकेक गोष्ट थांबून बघता येत होती. एका दुकानात तांब्याच्या किटल्या टांगल्या होत्या. माई तिथं रेंगाळल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कुणी "चल, मागं गाड्या थांबल्यात" म्हणत नाहीये.

पण आवाज फार होता. टेम्पो, स्कूटर, दुकानांतली गाणी, सगळं एकात एक मिसळलेलं. मास्तर तोऱ्यात चालले होते आणि मास्तरकी चालू होती. "या वळणाला आरसा पाहिजे. हा झेब्रा बघ, पट्टे पुसलेत. तो टेम्पो बघ, इंडिकेटर डावा आणि जाणार उजवीकडे. माझ्याकडं शिकला नसणार." थोरली वळून वळून हसत होती. आपण निवडलेली जागा वडिलांना पसंत पडतेय असं तिला वाटलं.

"हे बघा, तो निळा दरवाजा," तिनं रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

मास्तरांनी उजवीकडे पाहिलं, समोर पाहिलं आणि फुटपाथवरून खाली पाऊल टाकलं.

माई त्या क्षणी किटल्यांच्या दुकानाकडे पुन्हा एकदा बघत होत्या. तेवढाच काय तो क्षण. डावीकडून एक सायकल आली, घंटी वाजवत आली, पण त्या कल्लोळात घंटी कुणाला ऐकू येणार? सायकलवरच्या बाईनं हँडल पिळलं, पिशवी सुटली, संत्री रस्ताभर घरंगळली आणि मास्तर फुटपाथच्या कडेवर गुडघ्यावर आपटले.

"बाबा!"

बाई सावरली, पण चिडली होती. "अहो, दिसत नाही का? एवढी घंटी वाजवतेय!"

धाकटा काही तरी तिखट बोलणार होता. मास्तरांनी हात वर केला. "बाई, चूक माझी. बाजू न बघता उतरलो. तुमचं कंट्रोलिंग चांगलं आहे." मग हळूच म्हणाले, "मला खरंच दिसलं नाही."

हे त्यांनी आजवर कुणापुढं कबूल केलं नव्हतं. डॉक्टरांपुढंसुद्धा नाही. बाईचा राग उतरला. सूनबाईनं संत्री गोळा करून दिली, बाईनं त्यातलंच एक मास्तरांच्या हातात ठेवलं आणि ती गेली.

थोरलीचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा, एवढी मोठी सायकल... अजिबात नाही दिसली?"

मास्तर हातातलं संत्रं फिरवत राहिले.

"मग तुम्ही गाडी कशी चालवत होतात? परवापरवापर्यंत चालवत होतात!"

उत्तर माईंनी दिलं. त्यांना वाटलं होतं की हे कधीच सांगावं लागणार नाही. "मी सांगायचे. डावीकडून बाई येतेय, डावीकडे कुत्रं आहे, डावीकडं कोण ते, आपले शेजारी का. असं गप्पा मारल्यासारखं. त्यांनाही कळायचं, मलाही कळायचं. दोघांनी कधी उच्चार केला नाही."

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

"आई!"

"आणि ती गाडी स्कूलचीच ना," माई खाली बघत म्हणाल्या. "शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आहे तिला. मी बसायचे ना त्या सीटवर. दोनदा मी दाबला." स्टिअरिंगला जन्मात हात न लावलेली बाई हे सांगत होती. धाकटा आ वासून बघत राहिला.

थोरली मात्र दगडासारखी उभी होती. "मागच्या महिन्यात माझी पोर मागच्या सीटवर होती, आई. पोहायच्या क्लासला तुम्ही सोडलंत तिला."

"हो," माई म्हणाल्या. "होती. मला रात्र रात्र झोप आली नाही नंतर. पण गाडी गेली तर यांचं काय उरेल, या भीतीनं मी तोंड उघडलं नाही. चुकलं माझं. फार चुकलं."

"तिला बोलू नकोस," मास्तर म्हणाले. "किल्ली माझ्या हातात होती."

थोरली वळली आणि चालू पडली. धाकटा तिच्यामागं निघाला, तर सूनबाईनं त्याच्या दंडाला धरलं. "तुम्ही बाबांना बघा. ताईंकडे मी जाते."

*

बाजाराला लागूनच एक गल्ली आत जात होती. तिच्या तोंडाशी तीन दगडी खांब रोवलेले, म्हणजे गाडी आत शिरायला नको. धाकट्यानं वडिलांना धरून त्या गल्लीत नेलं, कारण तिथं एक बाकडं दिसत होतं. बाकडं एका पुस्तकबांधणीच्या दुकानापुढं होतं. आत एक पिकल्या केसांची बांधणीवाली जाड पुठ्ठ्यावर खळ लावत होती. मास्तरांचा गुडघा बघून तिनं न विचारता पाणी आणि कापूस आणून दिला आणि पुन्हा कामाला लागली.

माईंनी जखम पुसली. मास्तर डोळे मिटून भिंतीला टेकले. बराच वेळ कुणी बोललं नाही. आणि मग माईंना जाणवलं की कुणी बोललं नाही तर इथं खरोखरच शांतता होते. पंचवीस पावलांवर एवढा बाजार, पण गल्ली वळलेली, भिंती जाड. कुठंतरी नळाखाली भांडं भरत होतं. वर कुणीतरी चादर झटकली.

"सायकल येतेय," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "चेन ढिली आहे."

माईंनी डावीकडे पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं. मग वळणावरून एक सायकल आली, चेन खडखडवत, त्यांच्या पुढून गेली आणि नाहीशी झाली.

"आता कुणीतरी काठीवाला. उजव्या पायात जड."

एक म्हातारे गृहस्थ आले. काठी टेकत, उजवा पाय ओढत. बांधणीवालीला नमस्कार करून पुढं गेले. धाकट्यानं आईकडे पाहिलं, आईनं त्याच्याकडे. मास्तरांनी डोळे उघडले होते आणि कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं.

"तिकडं एवढ्या गोंगाटात मला काही कळेना," ते म्हणाले. "जे दिसत नाही ते ऐकूही येत नव्हतं. इथं कळतंय. कुठून काय येतंय ते कळतंय मला."

"इथं एखादं घर असेल का हो रिकामं?" माईंनी बांधणीवालीला विचारलं.

उत्तर मागून आलं. "आहे." थोरली परतली होती. डोळे लाल होते, सूनबाईचा हात हातात होता. आईकडे तिनं पाहिलं नाही, पण ती बोलली. "याच गल्लीत. शेवटून दुसरं. मी बघून फाइलमधून काढून टाकलं होतं. दवाखाना साडेनऊशे पावलं, किराणा अडीचशे. वर दुसरा मजला. लिफ्ट नाही."

"लिफ्ट नाही?" धाकट्याचं घोडं तिथंच अडलं. "किती पायऱ्या?"

"बत्तीस."

"छे छे. बाबा रोज बत्तीस पायऱ्या..."

"पायऱ्या समोर असतात रे," मास्तर म्हणाले. "समोरचं मला दिसतं."

यावर मात्र थोरलीला हसू आलं. तिला ते आवरता आलं नाही आणि मग रडूही आवरता आलं नाही. ती येऊन वडिलांच्या डाव्या बाजूला बसली. माईंशी ती अजून बोलली नव्हती, पण कापसाचा बोळा तिनं आईच्या हातातून घेतला आणि गुडघ्याची राहिलेली माती ती स्वतः पुसायला लागली. माईंना तेवढं पुष्कळ होतं.

धाकट्यानं बांधणीवालीला गाठलं. "या खांबांमुळं अ‍ॅम्ब्युलन्स कशी येणार आत?"

"मधला खांब उचलून निघतो," ती म्हणाली. "कुलूप आहे त्याला. एक किल्ली माझ्याकडे, एक शेवटच्या घरात. गेल्या वर्षी दोनदा काढला. चार मिनिटांत आली होती."

धाकट्यानं जाऊन तो मधला खांब एकदा हलवून बघितला.

*

घर लहान होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गल्लीवर उघडणारी एक मोठी खिडकी. भिंतींना रंग हवा होता. घरमालकीण खालीच राहायची, तिनं दार उघडून दिलं आणि "बघा निवांत" म्हणून ती निघून गेली. मास्तर हात मागं बांधून खोल्यांमधून फिरले. दारांच्या चौकटी त्यांनी बोटांनी चाचपल्या.

"तरीपण," धाकटा अजून हट्ट सोडत नव्हता, "आमच्याकडे आलात तर मला घोर राहणार नाही. इथं तुम्ही दोघंच. मला ते..." पुढं त्याला शब्द सापडेना. तो इंजिनियर होता, पण त्या क्षणी तो स्कूलच्या गाडीत मागच्या सीटवर झोपी जाणारा त्यांचा मुलगा होता, आणि माईंना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

"आमच्याकडे नको," सूनबाई म्हणाली.

सगळे चमकले. धाकटा तर हबकलाच. "अगं, तूच तर म्हणालीस, त्यांना घेऊन ये."

"मीच म्हणाले. माझ्यासाठी म्हणाले." ती खिडकीच्या कट्ट्याला टेकली. "सहा वर्षं झाली तिथं. साधं लिंबू हवं असलं तरी मी गाडी काढते. शेजारच्या दाराशी कोण राहतं ते मला नावानं माहीत नाही. तुम्ही रात्री येता. मला वाटलं, आई येतील, घरात माणूस असेल, बोलायला कुणी असेल." तिनं माईंकडे पाहिलं. "पण आई, तुम्ही तिथं सकाळपासून माझी वाट बघत बसाल. बाबाही बसतील. मी रोज काय करते ते मला ठाऊक आहे, तेच तुम्ही कराल. मला नाही बघवणार."

माईंनी पुढं होऊन तिचा हात हातात घेतला. सात वर्षं ही मुलगी त्यांच्या घरात येत-जात होती आणि हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. "शाळा सुटल्यावर इकडं येत जा," त्या म्हणाल्या. "बस कोपऱ्यावर थांबते म्हणे. वाटेल तितका वेळ बस. रागवायला आलीस तरी चालेल."

"रोज येईन हं मग."

"रोज ये."

धाकटा बायकोकडे बघत राहिला. मग त्यानं खिशातून टेप काढला. तो त्याच्या खिशात नेहमीच असायचा. जिन्यात जाऊन तो पायऱ्यांची उंची मोजायला लागला. "कठडा एकाच बाजूला आहे," त्याचा आवाज खालून आला. "दुसऱ्या बाजूलाही लावून घ्यावा लागेल. तो मी लावतो. पुढच्या शनिवारी लावतो."

"झालं," थोरली पुटपुटली. "पडला त्याचा शिक्का." मग आईकडे न बघताच म्हणाली, "दवाखान्याचा रस्ता मी पुन्हा एकदा नीट चालून बघीन. बाजार टाळून मागून जाता येतं का ते." आणि थोडं थांबून, "तूही ये बरोबर. तुला पाठ हवा तो रस्ता."

"येईन," माई म्हणाल्या.

मुलं घरमालकिणीशी बोलायला खाली गेली. वर दोघंच राहिले. मास्तर खिडकीत उभे होते.

"एक काम करशील?" ते म्हणाले. "खाली जा. त्या खांबांपर्यंत चालत जा आणि परत ये. बोलू नकोस, हाक मारू नकोस. मला ऐकू दे."

माई उतरल्या. बत्तीस पायऱ्या, मग दार, मग गल्ली. त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं. शहरात त्या अशा एकट्या शेवटच्या कधी चालल्या होत्या ते त्यांना आठवेना. बांधणीवालीनं मान वर करून ओळखीचं हसू दिलं, जणू त्या इथल्याच. खांबांशी त्या जरा टेकल्या. पलीकडे बाजार गजबजला होता आणि त्यांना वाटलं, उद्या मी उठून तिकडं जाऊ शकते. किटलीच्या दुकानाशी अर्धा तास उभी राहू शकते. मग त्या वळल्या आणि परत आल्या, पायऱ्या चढल्या, दम लागला म्हणून दारातच उभ्या राहिल्या.

मास्तर पाठमोरे होते. "आलीस," ते म्हणाले. "त्या दुकानापासूनच ओळखली. त्रेचाळीस वर्षं झाली आपल्याला, पण तुझी चाल कशी वाजते ते मला ठाऊकच नव्हतं. मला फक्त गाडीचं दार लावलेलं ऐकू यायचं."

"कशी वाजते?"

मास्तरांनी विचार केला. "घाईची. कुणाला तरी खोळंबून ठेवलंय अशी."

माईंनी पायांतल्या चपलांकडे पाहिलं.

"सावकाश चाल आता," मास्तर म्हणाले. "मी काही हॉर्न वाजवत बसलेलो नाही."

माईंनी डोळे टिपले. मग वळून त्या पुन्हा पायऱ्या उतरायला लागल्या. अर्ध्या जिन्यावर धाकटा टेप घेऊन गुडघ्यावर बसला होता. "आता कुठं निघालीस, आई?" त्यानं विचारलं. "जरा चालून येते," त्या म्हणाल्या आणि त्याच्या खांद्याला हात टेकून, एकेक पायरी सावकाश घेत, खाली गेल्या.